अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांतील संगीतशिक्षण

अमेरिकेत करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या मोफत शाळांमध्ये संगीत हा वेळापत्रकातला विषय आहे. त्याची सुरुवात २८ ऑगस्ट १८३८ पासून मोजतात. त्या दिवशी बॉस्टनच्या शाळा समितीने शहरातल्या शाळांत गायन शिकवण्यासाठी शिक्षक नेमण्याचा ठराव केला. आज या विषयात प्राथमिक वर्गांतले गाणे-वाजवणे, बँड, ऑर्केस्ट्रा, कॉयर, जॅझ, गिटार आणि टेक्सास, नेवाडासारख्या राज्यांत मारियाची हे मेक्सिकन वाद्यवृंदाचे संगीतसुद्धा येते. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय आहे आणि रोजचे निर्णय सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक मंडळे, घेतात. त्यामुळे साऱ्या देशाला बंधनकारक असा एक अभ्यासक्रम कधी नव्हता, आजही नाही.

या जवळजवळ दोनशे वर्षांत संगीताला शाळेत जागा मिळाली ती निव्वळ संगीत म्हणून क्वचितच. चर्चमधले गाणे सुधारावे, मुलांची फुप्फुसे बळकट व्हावीत, शिस्त लागावी, स्थलांतरितांची मुले लवकर अमेरिकन व्हावीत, गणिताचे गुण वाढावेत अशी दुसरीच कारणे दर पिढीत पुढे करावी लागली. कारण पटेनासे झाले किंवा तिजोरी आटली की पहिली कात्री संगीतालाच लागली.

गायनशाळा

सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या उपासनेत वाद्यांना स्थान नव्हते. स्तोत्रे मात्र सगळ्यांनी मिळून गायची असत. त्यांनी १६४० मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे छापलेल्या स्तोत्रसंग्रहात शब्द होते, चाली नव्हत्या. दोन-तीन पिढ्यांत नोटेशन वाचणारे फारसे कुणी उरले नाही. मग चर्चमधला एक जाणता एकेक ओळ म्हणे आणि मंडळी ती मागून गात, भजनात बुवांनी चरण सांगावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा तसे. फक्त इथे ताल धरणारे काही नव्हते. प्रत्येक जण आपल्या लयीत, आपल्या हरकती घेत पुढे जाई आणि एकाच चालीची गावागणिक निराळी रूपे होत.

शिकलेल्या तरुण धर्मोपदेशकांना हा गोंधळ वाटे. १७२१ मध्ये जॉन टफ्ट्स आणि थॉमस वॉल्टर यांनी नोटेशन वाचून गाणे शिकवणारी छोटी पुस्तके काढली आणि त्यांच्या आधाराने गायनशाळा सुरू झाल्या. फिरता गायनमास्तर गावात येई, फी ठरवी आणि काही आठवडे संध्याकाळी चर्चच्या सभागृहात नाहीतर खाणावळीत वर्ग घेई. शेवटी गावासमोर गाऊन दाखवण्याचा कार्यक्रम होई. तरुण मुलामुलींना एकत्र भेटण्याची ही हक्काची जागा असल्याने वर्ग भरायला अडचण नसे. या मास्तरांपैकी बरेच जण पोटापाण्यासाठी दुसरा धंदा करीत. त्यांतले सर्वांत नावाजलेले विल्यम बिलिंग्ज हे बॉस्टनचे कातडी कमावणारे होते. १७७० मध्ये त्यांनी स्वतःच्या रचनांचा संग्रह छापला. १८०१ च्या सुमारास प्रत्येक स्वराला वेगळा आकार देणारी छपाई आली. फा म्हणजे त्रिकोण, सोल म्हणजे वर्तुळ, ला म्हणजे चौकोन आणि मी म्हणजे हिरा. अक्षरओळख असलेला शेतकरीही त्यावरून चार आवाजांचे गाणे वाचू शके. अलाबामा आणि जॉर्जियात लोक अजून या आकारांवरून गातात.

शाळेतल्या संगीताचे घराणे मात्र या परंपरेतून निघाले नाही, हे लक्षात ठेवायला हवे. ज्यांनी ते शाळेत आणले त्यांना बिलिंग्ज आणि आकारांचे स्वर ओबडधोबड वाटत. त्यांचे डोळे जर्मनीकडे लागले होते.

बॉस्टनचा ठराव

लोवेल मेसन (१७९२–१८७२) मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफील्ड गावचे. तरुणपणी ते जॉर्जियातल्या सव्हाना शहरात बँकेत नोकरी करीत आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. युरोपीय संगीतकारांच्या चाली स्तोत्रांना बसवून त्यांनी एक संग्रह तयार केला. बॉस्टनच्या हँडेल अँड हायडन सोसायटीने तो १८२२ मध्ये छापला, पण मेसन यांचे नाव न घालता, कारण बँकेतल्या माणसाने संगीतकार म्हणून ओळखले जावे असे त्यांनाच वाटत नव्हते. पुस्तक अफाट खपले आणि १८२७ मध्ये मेसन बॉस्टनला आले.

१८३० मध्ये विल्यम चॅनिंग वुडब्रिज हे शिक्षणतज्ज्ञ युरोपातल्या शाळा पाहून आले होते. स्वित्झर्लंडच्या पेस्टालोझी यांच्या विचारांवर चालणाऱ्या शाळांत प्रत्येक मूल गाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. बॉस्टनच्या एका शिक्षक परिषदेत त्यांनी त्यावर भाषण दिले आणि मेसन यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे गाऊन दाखवले. आधी ध्वनी, मग चिन्ह. आधी कानाने ओळख, मग नियम, हे त्या पद्धतीचे सूत्र. १८३३ मध्ये बॉस्टन अकॅडमी ऑफ म्युझिक स्थापन झाली आणि तिथे मुलांचे मोफत वर्ग भरू लागले. पुढच्याच वर्षी मेसन यांची शिक्षकांसाठीची पुस्तिका आली. ती मुख्यतः क्यूब्लर या जर्मन शिक्षकाच्या पुस्तकाचे भाषांतर होती हे विसाव्या शतकात अभ्यासकांनी दाखवून दिले. त्यामुळे मेसन यांचे काम कमी ठरत नाही. दुसऱ्या देशात चाललेली गोष्ट आपल्या शाळेत चालवून दाखवणे हेच त्यांचे कौशल्य होते.

नागरिकांचे अर्ज गेल्यावर शाळा समितीने एक उपसमिती नेमली. १८३७ च्या तिच्या अहवालाने संगीताला तीन कसोट्या लावल्या : बुद्धी, नीती आणि शरीर. गाण्याने स्मरणशक्ती व तर्क वाढतो, मन शांत व सुस्वभावी होते आणि छातीला व्यायाम मिळतो, असे सांगून तिन्ही कसोट्यांवर संगीताला पास केले. समितीने अहवाल मान्य केला, पण नगरपालिकेने पैसे दिले नाहीत. तेव्हा मेसन यांनी दक्षिण बॉस्टनमधल्या हॉज शाळेत १८३७–३८ हे वर्ष बिनपगारी शिकवले आणि लागणारे साहित्य पदरमोड करून आणले. १४ ऑगस्ट १८३८ रोजी त्या मुलांचा जाहीर कार्यक्रम झाला. संगीतकारांची नव्हे, कामगार वस्तीतली साधी मुले सुरात आणि नोटेशन वाचून गाताना लोकांनी पाहिली. दोन आठवड्यांनी ठराव झाला. त्या वेळचे महापौर सॅम्युएल एलियट हेच अकॅडमीचेही अध्यक्ष होते, याचाही उपयोग झाला असणार. शिक्षणसुधारक होरेस मान यांनीही राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव म्हणून गायनाचा पक्ष घेतला.

मेसन सर्व शाळांतल्या संगीताचे प्रमुख झाले. १८४५ मध्ये समितीने त्यांना दूर करून त्यांचे पूर्वीचे सहकारी बेंजामिन बेकर यांना त्या जागी आणले. ठराव मात्र टिकला. बफेलो, सिनसिनाटी, क्लीव्हलँड, शिकागो या शहरांनी पुढच्या दशकांत बॉस्टनचा कित्ता गिरवला.

ऐकून की वाचून

यादवी युद्धानंतर शाळांत इयत्ता पडल्या आणि प्रत्येक इयत्तेची पुस्तके लागू लागली. संगीतातले पहिले मोठे पुस्तक-घराणे ल्यूथर व्हाइटिंग मेसन (१८१८–१८९६) यांचे. सिनसिनाटीत नाव कमावून ते १८६४ मध्ये बॉस्टनला आले आणि १८७० पासून त्यांची क्रमिक पुस्तके व भिंतीवर टांगायचे तक्ते देशभर गेले. मुलाने आधी पुष्कळ गाणी ऐकून शिकावीत आणि मग तीच कागदावर ओळखावीत, हा त्यांचा आग्रह. १८८० मध्ये जपान सरकारने त्यांना बोलावले. त्यांच्याकडे शिकलेले इसावा शूजी यांच्याबरोबर त्यांनी दोन वर्षांत जपानी शाळांसाठी पहिले गीतसंग्रह तयार केले. एका स्कॉटिश चालीवर जपानी शब्द बसवलेले गाणे तिथे शाळेच्या निरोप समारंभात आजही गातात. बॉस्टनच्या वर्गातली पद्धत अशी टोकियोत रुजली.

त्यांना विरोध उभा राहिला तो होझिया होल्ट यांचा. जॉन डब्ल्यू. टफ्ट्स (१७२१ चे टफ्ट्स ते हे नव्हेत) आणि होल्ट यांची पुस्तके १८८३ मध्ये निघाली. तोंडपाठ गाणी म्हणजे वाचन न येण्याची सोय, अशी त्यांची धारणा होती. पुढची वीस-पंचवीस वर्षे हा वाद जोरात चालला आणि त्यात प्रकाशकांचे पैसे गुंतले होते. शिक्षकांना आपली पद्धत शिकवण्यासाठी प्रकाशकांनी उन्हाळी वर्ग काढले. शिक्षकांचे प्रशिक्षण बराच काळ अशा पुस्तकविक्रीच्या आश्रयानेच झाले. याला मोलाचा अपवाद ज्युलिया एटी क्रेन यांचा. न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम येथे १८८६ मध्ये त्यांनी शाळेतल्या संगीतशिक्षकांसाठी स्वतंत्र संस्था सुरू केली आणि ती आजही नावाजलेली आहे.

त्या काळी रोजचे गाणे वर्गशिक्षिकाच घेई. संगीताची सुपरवायझर आठ-पंधरा दिवसांनी येऊन पुढचा धडा लावून देई. १९०७ च्या एप्रिलमध्ये आयोवातल्या कीओकक या नदीकाठच्या गावी फिलिप हेडन यांनी अशा सुपरवायझरांना आपले लयीचे धडे पाहायला बोलावले. फ्रान्सिस एलियट क्लार्क अध्यक्षस्थानी होत्या आणि त्या बैठकीतूनच राष्ट्रीय संघटना जन्मली. क्लार्क १९११ मध्ये व्हिक्टर ग्रामोफोन कंपनीच्या शिक्षण विभागात गेल्या. मिशिगन किंवा कॅन्ससच्या एकशिक्षकी शाळेत सिंफनी पोचवण्याचा ध्वनिमुद्रिकांवाचून दुसरा मार्गच नव्हता; पुढे रेडिओने तेच केले. वॉल्टर डॅमरॉश यांचा शाळांसाठीचा रेडिओ कार्यक्रम १९२८ ते १९४२ चालला. गायनाच्या तासाला अशी श्रवणाची जोड मिळाली. ‘प्रत्येक मुलासाठी संगीत’ हे कार्ल गेर्केन्स यांनी दिलेले घोषवाक्य १९२० च्या दशकातले.

याच काळात संगीताला नवे काम लावले गेले. स्थलांतरितांच्या मुलांना अमेरिकन करण्यासाठी ठरावीक समूहगीतांच्या पुस्तिका निघाल्या. पहिल्या महायुद्धात अनेक ठिकाणी जर्मन गाणी पुस्तकांतून काढून टाकली, ज्या जर्मनीकडून ही सगळी पद्धत आली तिचीच. सर्वांत कठोर प्रयोग मूळ रहिवाशांच्या मुलांवर झाला. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल येथील सरकारी निवासी शाळेत (१८७९) मुलांना मातृभाषा बोलायलाही बंदी होती आणि त्यांच्या हाती कॉर्नेट व ट्रॉम्बोन दिले गेले. त्या शाळेचा बँड १८८३ मध्ये ब्रुकलिन पुलाच्या उद्घाटनाला वाजला. त्या मुलांनी बँड उत्तम वाजवला आणि त्यांतून डेनिसन व्हीलॉक यांच्यासारखे बँडमास्टर तयार झाले, हेही तितकेच खरे.

बँड

आज अमेरिकन शाळेतले संगीत म्हटले की डोळ्यांसमोर बँड येतो, पण तो उशिरा आला. इंडियानातल्या रिचमंड येथे विल एअरहार्ट यांनी १९०० च्या आधीच शाळेचा ऑर्केस्ट्रा उभा केला होता. बॉस्टनच्या अल्बर्ट मिचेल यांनी इंग्लंडमध्ये व्हायोलिनचे सामूहिक वर्ग पाहिले आणि १९११ च्या सुमारास ते आपल्या शहरात सुरू केले. एका शिक्षकाने एका वेळी वीस मुलांना वाद्य शिकवायचे ही कल्पना तोवर कुणाला झेपत नव्हती.

बँडला बळ दिले महायुद्धाने. लष्करी बँडमधून सुटलेले वादक नोकरी शोधत होते. त्याच वेळी सिनेमा, रेडिओ आणि ग्रामोफोनमुळे गावोगावचे धंदेवाईक बँड बसत चालले होते, म्हणजे वाद्य कारखान्यांचे गिऱ्हाईक जात होते. इंडियानातल्या एल्कहार्टसारख्या वाद्यांच्या गावांना शाळा हे नवे गिऱ्हाईक दिसले. १९२३ मध्ये उत्पादकांच्याच पुढाकाराने शिकागोत शालेय बँडची पहिली मोठी स्पर्धा झाली. इलिनॉयमधल्या जोलिएट शाळेचा बँड या स्पर्धांमुळे देशभर गाजला. स्पर्धेसाठी ठरावीक रचना आणि ठरावीक वाद्यसंच लागत, म्हणून शाळांनी ओबो, बॅसून, फ्रेंच हॉर्न अशी महागडी वाद्ये विकत घेतली. व्यापाराने चालना दिली आणि दर्जा खरोखर वाढला.

जोसेफ मॅडी यांनी १९२६ मध्ये डेट्रॉइट येथे देशभरातल्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा जमवला. पुढच्या वर्षी डॅलसला शाळा अधीक्षकांच्या परिषदेत त्यांनी असाच ऑर्केस्ट्रा उभा केला. ऐकणाऱ्या अधीक्षकांनी संगीताला इतर मूळ विषयांच्या बरोबरीचे स्थान देण्याचा ठराव केला. १८३८ च्या हॉज शाळेचेच तंत्र पुन्हा चालले : युक्तिवाद बाजूला ठेवून मुलांना वाजवू द्यायचे. १९२८ मध्ये मॅडी यांनी मिशिगनच्या जंगलात इंटरलॉकेन शिबिर सुरू केले.

भिंतीच्या अलीकडे

या साऱ्या संघटना, स्पर्धा, शिबिरे बहुतांशी गोऱ्यांच्या होत्या. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना पैसा कमी आणि वाद्ये जुनी मिळत, तरी देशाने जगाला दिलेले सर्वांत मोठे संगीत घडवण्यात त्या शाळांचा वाटा फार मोठा आहे.

शिकागोच्या दक्षिण भागातले वॉल्टर डायेट हे त्याचे ठळक उदाहरण. १९३१ मध्ये ते वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये आले आणि पुढे ड्यूसेबल हायस्कूलमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिकवत राहिले. मुले त्यांना कॅप्टन म्हणत. बेसूर वाजले की संपूर्ण बँडमधून नेमक्या त्या मुलाकडे त्यांची नजर जाई. मार्च, सिंफनीतले उतारे आणि डान्सबँड यांना ते एकच शिस्त लावीत. वाद्ये व पोशाखांचा खर्च भागवण्यासाठी ते दरवर्षी विद्यार्थ्यांचा मोठा संगीत-नाट्याचा कार्यक्रम बसवीत आणि तिकिटे विकून पैसा उभा करीत. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन अॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन ही सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली मंडळी. लॉस एंजेलिसच्या जेफरसन हायस्कूलमध्ये सॅम्युएल ब्राउन यांच्या वर्गात डेक्स्टर गॉर्डन आणि आर्ट फार्मर बसत. बर्मिंगहॅम, अलाबामा येथे ‘फेस’ व्हॉटली यांनी छापखान्याचे काम शिकवता शिकवता बँड बसवला आणि मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांना तयार वादक पुरवले. त्या काळच्या अधिकृत अभ्यासक्रमात जॅझचे नावही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने वर्णभेदी शाळा बेकायदा ठरल्या, पण एकत्रीकरणात दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्याच नोकऱ्या गेल्या आणि त्यांनी बांधलेले बँड विखुरले. हे नुकसान कधी भरून निघाले असे म्हणता येत नाही.

टँगलवूड

१९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर अमेरिकेत विज्ञान-गणिताचा जोर वाढला. संगीतशिक्षकांना पुन्हा आपली बाजू मांडावी लागली. या वेळी उत्तरे चांगली निघाली. फोर्ड फाउंडेशनच्या पैशाने १९५९ पासून तरुण संगीतकारांना शाळांत नेमून तिथल्या मुलांसाठीच नव्या रचना लिहून घेतल्या गेल्या. १९६३ च्या येल येथील परिसंवादाने शाळेतली गाणी बेचव आणि कृत्रिम असल्याची कडक टीका केली. जपानहून सुझुकींची व्हायोलिन पद्धत, हंगेरीहून कोडाय आणि जर्मनीहून ऑर्फ यांची बालसंगीताची पद्धत याच दशकात पसरली. प्राथमिक शाळेत आज दिसणारे लाकडी पट्ट्यांचे झायलोफोन ऑर्फ यांच्या पद्धतीतले.

१९६७ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवूड येथे शिक्षक, संगीतकार, समाजशास्त्रज्ञ आणि कामगार नेतेही जमले. सर्व काळांचे, सर्व शैलींचे आणि सर्व संस्कृतींचे संगीत शाळेत असावे, किशोरवयीनांचे आवडते लोकप्रिय संगीतही त्यात यावे, असे त्यांच्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. १८३८ च्या मंडळींनी जे दाराबाहेर ठेवले होते त्याला सव्वाशेहून अधिक वर्षांनी आत घेतले गेले. पुढच्या वर्षी जॅझ शिक्षकांची संघटना निघाली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत बेल ऑर्टिझ यांनी १९७० च्या सुमारास शाळेत मारियाची सुरू केले आणि आज टेक्सास व नेवाडात त्याचे पगारी शिक्षक आहेत. तत्त्वज्ञानही बदलले. संगीत ऐकण्या-समजण्यातला सौंदर्यानुभव हेच त्याचे पुरेसे कारण, असे बेनेट रायमर यांनी १९७० मध्ये मांडले. डेव्हिड एलियट यांनी १९९५ मध्ये त्याला उत्तर दिले की संगीत ही करण्याची गोष्ट आहे, आधी गा-वाजवा. माझ्या मते मुलांच्या दृष्टीने एलियट यांचे म्हणणे जवळचे.

पैसा, परीक्षा आणि आजचा वर्ग

शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो आणि इथेच संगीताचे नशीब ठरते. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले तेव्हा शाळांतले कलाशिक्षक मोठ्या संख्येने गेले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रोपोझिशन १३ मंजूर करून मालमत्ता करावर मर्यादा घातली आणि तिथेही तेच झाले. श्रीमंत वस्तीत पालकांच्या समित्या गाड्या धुऊन, चॉकलेटे विकून, देणग्या गोळा करून बँड जगवतात. गरीब वस्तीत तशी समितीच उभी राहत नाही.

१९९४ मध्ये कलांचे राष्ट्रीय निकष आले, पण ऐच्छिक. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने वाचन व गणिताच्या चाचण्यांवर शाळांचे भवितव्य टांगले, तेव्हा कमी गुणांच्या मुलांना गाण्याच्या तासातून उठवून जादा गणिताला बसवू लागले. १९९३ मध्ये मोत्सार्टची रचना दहा मिनिटे ऐकलेल्या कॉलेज विद्यार्थ्यांना एका अवकाशीय चाचणीत थोड्या वेळापुरते बरे गुण पडले, असा छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. १९९८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याची योजना मांडली. पुढच्या तपासण्यांत तो परिणाम नगण्य ठरला. संगीतासाठी उसनी कारणे आणली की ती अशी अंगाशी येतात. २०१५ च्या कायद्याने संगीताला सर्वांगीण शिक्षणातला विषय म्हणून नाव घेऊन मान्यता दिली.

संगीत शाळांतून नाहीसे झाले असे मात्र नाही. केंद्र सरकारच्या पाहणीनुसार २००९–१० मध्ये ९४ टक्के सार्वजनिक प्राथमिक शाळांत संगीत शिकवले जात होते. साधारण चौथी-पाचवीत मुले वाद्य निवडतात. दुकानदार शाळेत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, व्हायोलिन मांडून ठेवतात, शिक्षक प्रत्येकाचे ओठ, दात, हाताची लांबी बघून सुचवतो आणि वाद्य महिन्याच्या भाड्याने घरी येते. सगळ्यांना सॅक्सोफोन किंवा ड्रम हवा असतो. ट्यूबाकडे मुले वळवणे हे शिक्षकाचे खरे कसब. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांतही आठवडाभर बँडचा सराव आणि शनिवार-रविवारी तबला-हार्मोनियमचा क्लास असे चालते. महाराष्ट्रात वाद्य शिकायचे तर बहुधा शाळेबाहेर क्लास शोधावा लागतो. तिथे ते दप्तराबरोबर मिळते. हायस्कूलमध्ये शुक्रवारच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मार्चिंग बँड मैदानात उतरतो आणि त्यासाठी ऑगस्टच्या उन्हात दिवसभर कवायत चालते. २०२० च्या साथीत फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या तोंडांना कापडी आवरणे घालून, अंतर ठेवून हे वर्ग चालवले गेले.

कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये मतदारांनी प्रोपोझिशन २८ मंजूर करून कला व संगीतासाठी दरवर्षी सुमारे एक अब्ज डॉलर राखून ठेवले. मोठ्या डिस्ट्रिक्टनी त्यातले किमान ८० टक्के माणसे नेमण्यावरच खर्च करायचे आहेत. चाळीस वर्षे भरतीच आखडलेली असल्याने पात्र शिक्षक मिळवणे हीच आता तिथल्या अनेक डिस्ट्रिक्टची अडचण आहे.